मंग त्यानं दुबार पेरणी केली काय?

मुलांच्या उन्हाळी शिबिराची समीक्षा कुणी करत नाही. पुस्तकाची करतात, नाटकाची करतात, हल्ली वेबसिरीजची तर रोजच करतात. पण पाच सकाळी मुलांना गोष्टी सांगायच्या, गाणी म्हणून घ्यायची, एक वाक्य तोंडपाठ करून घ्यायचं आणि शेवटच्या दिवशी आईबापांसमोर नाटुकलं बसवायचं, हे सगळं शब्दांचंच काम आहे. आमच्याकडच्या बऱ्याच मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेरची लिहिलेली मराठी भेटते ती अशाच ठिकाणी. म्हणून त्या मराठीबद्दल बोलायला हवं.

मी बोलतोय ते चर्चमधल्या ‘व्हीबीएस’बद्दल. पूर्ण नाव व्हेकेशन बायबल स्कूल, मराठीत सुट्टीतली बायबल शाळा. एप्रिल-मे महिन्यात, ऊन चढायच्या आत, सकाळचे तीनेक तास. मी वाशिमचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. घर ख्रिस्ती नाही. पण शाळेत बाकावर शेजारी बसणारा मित्र ख्रिस्ती होता, म्हणून सहावी-सातवीच्या सुट्टीत मीही जायचो. गेल्या दोन उन्हाळ्यांत घरून काम करत होतो, तेव्हा भाच्याला सोडायला जाऊन मागच्या खुर्चीवर बसून ऐकत राहिलो. मी पाहिलेली शिबिरं एकाच मंडळीची नव्हती आणि दोष कुणा एकाचा नाही. म्हणून नावं घेत नाही.

वाशिमला ख्रिस्ती माणसं काही परवा आलेली नाहीत. चर्च ऑफ द नाझरीनचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल इथं १९३८ पासून आहे. जिल्हा तर त्याच्यानंतर साठ वर्षांनी, १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला. म्हणजे ही मंडळी इथली आहे, तिची मुलं इथलीच मराठी बोलतात. प्रश्न एवढाच, की शिबिरातली मराठी इथली का वाटत नाही?

एका वर्षी शिबिराचा विषय होता बर्फ. स्टेजवर थर्माकोलचे डोंगर, कापसाचा हिमवर्षाव, पुठ्ठ्याचे पेंग्विन. बाहेर ४३ अंश. मुलं खूश होती, हे आधीच सांगतो. बर्फ कुणाला नको असतो? पण प्रत्येक गोष्ट त्या बर्फातून नेली जात होती. देव संकटात सांभाळतो हे सांगायला हिमवादळ आणि दोरीनं एकमेकांना बांधलेले गिर्यारोहक. ज्या मुलांनी गारपिटीत आडवा झालेला गहू पाहिलाय, त्यांना संकट समजावून सांगायला हिमवादळ कशाला?

याचं कारण साधं आहे. अमेरिकेतल्या प्रकाशनसंस्था दरवर्षी नवा विषय घेऊन अख्खं पाकीट तयार करतात. गाणी, हावभाव, हस्तकला, सजावट, शिक्षकांसाठी पुस्तिका. ते पाकीट, किंवा त्याच्यावर बेतलेलं काहीतरी, भाषांतर होत होत आपल्यापर्यंत येतं. माझ्या धंद्यात हा प्रकार रोजचा आहे. अ‍ॅप मराठीत आणायचं म्हटलं की भाषांतरकाराला एक तक्ता मिळतो. डावीकडे इंग्रजी वाक्यं, उजवीकडे रिकामे रकाने. कुठलं वाक्य कुठल्या स्क्रीनवर येणार हे त्याला दिसत नाही. मग ‘होम’चं ‘घर’ होतं आणि बटण दाबणाऱ्याला कळत नाही, आपण कुठं निघालोय. प्रत्येक शब्द बरोबर, पण सांगितलं काहीच नाही. शिबिराच्या वह्या वाचताना मला तो तक्ता दिसत होता.

गंमत अशी, की हा प्रकार जन्मला तेव्हा पाकीट नव्हतं. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट साइडला, स्थलांतरितांच्या दाटीच्या वस्तीत, हॉस नावाच्या एका बाईंनी उन्हाळ्यात चक्क बिअरचा हॉल भाड्यानं घेऊन मुलांची शाळा भरवली. १९०१ मध्ये रॉबर्ट बोव्हिल यांनी ती कल्पना उचलली आणि शहरभर नेली. उन्हाळा, रस्त्यावर मोकाट हिंडणारी पोरं आणि रिकाम्या इमारती, या तिन्ही गोष्टी त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. म्हणजे समोरची गल्ली बघून काम सुरू झालं होतं. आपण त्यातून वस्तू घेतली, बघणं मागे ठेवलं.

आता दुसरं उदाहरण, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. पेरणाऱ्याचा दाखला. एक माणूस पेरायला निघतो. काही बी वाटेवर पडतं, पाखरं खातात. काही खडकाळ जागी पडतं, उगवतं आणि उन्हानं करपतं. काही काट्यांत गुदमरतं. काही चांगल्या जमिनीत पडतं आणि तीस, साठ, शंभरपट देतं. विदर्भातल्या मुलासाठी जगात याहून जवळची गोष्ट सापडणार नाही.

गोष्ट सांगणारी ताई बी.एस्सी.ला होती, जीव तोडून सांगत होती. मध्येच एका पोरानं विचारलं, “ताई, पण त्यानं वाटेवर काहून पेरलं?” प्रश्न रास्त होता. आमच्याकडं पेरणी तिफणीनं होते, आता ट्रॅक्टरनं. चाड्यावर मूठ धरणारी आजी एक दाणा वाया जाऊ देत नाही. त्या काळी तिकडं बी मुठीनं फेकून पेरायचे, हे सांगितल्याशिवाय तो शेतकरी येडा वाटतो. एवढ्यात दुसरा म्हणाला, “मंग त्यानं दुबार पेरणी केली काय?”

मी ताठ बसलो. मृगात पाऊस पडला म्हणून पेरलं, मग पावसानं दडी मारली, बी जळालं, आता दुसऱ्यांदा बियाणं आणायला पैसे कुठून आणायचे? हा प्रश्न ज्या घरात जेवताना ऐकू येतो, त्या घरातला पोरगा दोन हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीला थेट भिडला होता. खडकाळ जमिनीला दुसरी संधी असते का? पेरणारा परत येतो का? मोठमोठ्या प्रवचनांचा विषय आहे हा. पण पुस्तिकेत त्यानंतर ‘रिकाम्या जागा भरा’ होतं आणि हस्तकलेला दहाच मिनिटं उरली होती. ताई हसली आणि पुढं गेली.

त्या ताईला बोल लावण्यात अर्थ नाही. फुकट काम करणारी मुलगी होती, हातात दिलेलं तेवढं तिनं नीट केलं. दोष त्या पाकिटाचा, ज्यात मुलाच्या प्रश्नासाठी रकानाच नाही.

‘दाखला’ हा शब्दच बघा. मुलांना दाखला म्हणजे तहसीलचा. जातीचा, उत्पन्नाचा, शाळा सोडल्याचा. मराठी बायबलमधला दाखला म्हणजे उदाहरणादाखल सांगितलेली गोष्ट. काही वह्यांत तो काढून सरळ ‘कथा’ केलाय. मला ते पटत नाही. शब्द काढू नका, दोन मिनिटं त्यावर बोला. तहसीलचा कागद जसा एक गोष्ट दाखवून देतो, तशी ही गोष्टही काहीतरी दाखवून देते. मूल तो शब्द जन्मभर विसरणार नाही.

गाण्यांचं दुखणं आणखी खोल आहे. इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसवले की ‘प्रेम’ तीन ठोके ताणावा लागतो आणि ‘विश्वास’ अर्ध्यात गिळावा लागतो. मुलं मग शब्द सोडून हावभावच लक्षात ठेवतात. आपल्याकडं मोठ्या अभंगाचं माप आहे. सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चौथा चारचा, मधल्या दोघांत यमक. लहान मुलाच्या एका श्वासात सहा अक्षरं आरामात मावतात. हे माप रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ओळखलं होतं. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि परक्या चालींवरच्या भाषांतरित गीतांवर न थांबता भजनं, अभंग लिहीत राहिले. मराठी चर्चमध्ये आजही ती म्हणतात. मोठ्यांच्या उपासनेत टिळक आणि मुलांच्या शिबिरात भाषांतर, ही वाटणी कुणी केली?

मुलांसाठी लिहायची परंपरा नाही असंही नाही. अमेरिकन मराठी मिशनचं ‘बालबोधमेवा’ हे मासिक १८७३ मध्ये सुरू झालं. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये नवरा-बायकोचं भांडण, सोवळ्याची धास्ती आणि हळूहळू बदलत गेलेलं मन हे सगळं इतक्या सरळ बोलीत आलंय की सातवीतलं पोर खदाखदा हसेल. आणि लक्ष्मीबाईंना बदलायला वर्षं लागली. शिबिरातल्या नाटुकल्यात माणूस साडेतीन मिनिटांत बदलतो.

इथून मी अवघड मुद्द्यावर येतो. शेवटच्या दिवशी डोळे मिटून हात वर करायला सांगतात. ज्याला आपलं आयुष्य देवाला द्यायचंय, त्यानं. ख्रिस्ती घरातल्या मुलाचा प्रश्न त्याच्या घराचा आहे. पण त्या हॉलमध्ये माझ्यासारखी मुलंही असतात. मित्राबरोबर आलेली, तांड्यावरून आलेली. तांड्यावरच्या मुलाला तर मराठीसुद्धा शाळेत भेटलेली, घरी बंजारा बोली. अकरा वर्षांच्या पोराकडं पाचव्या दिवशी निर्णय मागणं मला गैर वाटतं. संविधानाच्या कलम २८(३) नुसार शासनमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत अज्ञान मुलाला धार्मिक शिक्षणात बसवायचं तर पालकांची संमती लागते. पाच दिवसांचं शिबिर त्यात मोडत नसेल, पण त्यामागचा शहाणपणा तिथंही चालतो. पत्रकावर ‘बायबल शाळा’ असं ठळक छापावं आणि हात वर करायला लावू नये. शेजारी कुजबुजतात, त्यांना उत्तर म्हणून मी हे म्हणत नाही. गोष्ट म्हणूनही ते कच्चं आहे. चांगला दाखला ऐकणाऱ्यावर सोपवून थांबतो.

हीच फूटपट्टी मी बाकीच्या शिबिरांनाही लावेन. वारकरी बालसंस्कार शिबिरातून मूल हरिपाठ आणि पखवाजाचे बोल घेऊन घरी जातं, ही मोठी कमाई आहे. ‘असं का?’ विचारणाऱ्या पोराला गप्प करणारे तिथंही भेटतात.

आणि या शिबिरांनी मला काय दिलं तेही सांगायला हवं. मुलं-मुली एकाच गटात काम करतात हे मी पहिल्यांदा तिथं पाहिलं. माईक हातात धरून चार वाक्यं बोललो ते तिथंच. पैसे कुणी मागितले नाहीत. म्हणून तर तक्रार करतोय. ज्या जागेत मुलं इतकी मोकळी होतात, तिथली मराठी उसनी असू नये.

फार खर्चाचं काम नाही. वाशिम, रिसोड, कारंजाकडच्या चार ताया-दादांनी मार्चमध्ये एकत्र बसावं. पाचच गोष्टी निवडाव्यात. पेरणारा, हरवलेलं मेंढरू, घर सोडून गेलेला पोरगा. रिकाम्या वावरात मेंढ्या बसवायला येणाऱ्या धनगराला विचारावं, एकीच्या मागं जाताना बाकीच्या नव्व्याण्णव कुणावर सोडतोस. त्याचं उत्तर वहीत छापावं. गाणी सहा अक्षरांत बांधावीत. आणि प्रत्येक गोष्टीखाली अर्धं पान कोरं सोडावं, मुलांनी विचारलेले प्रश्न लिहून घ्यायला.