उपदेश म्हणून 'ख्रिस्तपुराण' : एक चिकित्सक वाचन

ख्रिस्ती उपदेश कसा तयार करावा आणि कसा द्यावा, हे शिकवणारी पुस्तके बहुतेक इंग्रजीत आहेत. त्यांचा सांगाडा साधारण सारखाच असतो. शास्त्रपाठ निवडा, त्याचा संदर्भ समजून घ्या, एक मध्यवर्ती विचार काढा, दाखले द्या, शेवटी तो विचार श्रोत्याच्या आयुष्याशी जोडा. सांगाडा वाईट नाही. पण मराठीत बोलणाऱ्याने तो कुठून शिकावा असे विचाराल, तर मी तुम्हाला १६१६ साली गोव्यातल्या राशोल (रायतूर) येथे छापलेल्या एका ग्रंथाकडे पाठवीन.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' तुम्ही नावाने ओळखता. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या अनेकांनी शाळेत वाचलेल्या असतात, आणि ओळख तिथेच थांबते. हा ग्रंथावर अन्याय आहे. साष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांपुढे चर्चमध्ये वाचला जावा म्हणून तो लिहिला गेला आणि रविवारी, सणावारी तसा वाचलाही गेला. तेव्हा त्याची परीक्षा उपदेश म्हणूनच व्हायला हवी.

लेखकाविषयी थोडक्यात. स्टीफन्स इंग्लंडमधल्या विल्टशर भागातले, येशूसंघाचे धर्मगुरू. १५७९ मध्ये ते गोव्यात आले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. म्हणजे मराठी ही त्यांनी प्रौढपणी शिकलेली भाषा होती.

मी हेब्बाळला अभियांत्रिकी शिकवतो, त्यामुळे कुठल्याही वस्तूचे आधी माप घ्यायची सवय आहे. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्यात ५९ असे एकूण ९५ अवस्वरू, म्हणजे अध्याय. ओव्या जवळपास अकरा हजार. भागाकार केला तर एका अवस्वरूत सरासरी ११५ ओव्या येतात. एक ओवी संथ सुरात म्हणायला दहा-बारा सेकंद धरा. एक अवस्वरू वीस-बावीस मिनिटांत संपतो. आजही रविवारचा उपदेश साधारण एवढाच चालतो. अवस्वरू सारख्या लांबीचे नाहीत हे खरे, आणि ही सरासरी माझी आहे, लेखकाने कुठे सांगितलेली नाही. तरीही एका बैठकीत माणूस किती ऐकू शकतो, याचा अंदाज लिहिणाऱ्याला होता असे मला वाटते. रविवारी एकच अवस्वरू घेतला तर पूर्ण ग्रंथाला पावणेदोन वर्षांहून अधिक काळ लागेल. एवढा काळ लोकांना धरून ठेवायचे तर कथा पुढे सरकत राहिली पाहिजे. म्हणून स्टीफन्स सुटे सुटे विषय घेत नाहीत. सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तापर्यंत एकच आख्यान लावतात.

आता भाषा. इथे ग्रंथ सर्वांत बळकट आहे. प्रस्तावनेत स्टीफन्स स्पष्ट सांगतात की शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाळले आणि तिथल्या ब्राह्मणी बोलीतले, म्हणजे आपण आज कोकणी म्हणू त्या भाषेतले, शब्द मिसळले. मराठीची एवढी स्तुती करणारा माणूस प्रत्यक्ष लिहिताना भाषेच्या शुद्धतेपेक्षा समोर बसलेल्याच्या कानाला मान देतो. इथे बंगळुरूत एखाद्या चर्चच्या फाटकावर रविवारच्या वेळा वाचून पाहा : कन्नड, तमिळ, इंग्रजी, कुठे मल्याळम, कुठे कोकणी. उपदेशकाला आधी भाषा निवडावी लागते, विचार नंतर. चारशे वर्षांपूर्वी साष्टीत हीच अडचण होती.

शब्दांची निवडही पाहण्यासारखी आहे. स्वर्गासाठी ते 'वैकुंठ' बिनदिक्कत वापरतात. पवित्र आत्म्यासाठी मात्र पोर्तुगीज वळणाचा शब्द ठेवतात. जिथे श्रोत्याच्या मनातले जुने चित्र उपयोगी पडते तिथे जुना शब्द, जिथे ते चित्र चुकीच्या दिशेने नेईल तिथे परका शब्द, असा हिशेब त्यामागे असावा. तो प्रत्येक ठिकाणी जमला आहे असे नाही. वैकुंठ म्हटल्यावर कोणाला विष्णू आठवणार नाही?

(एक अवांतर. स्टीफन्स यांना हा मजकूर आपल्या लिपीत छापायचा होता. १६०८ च्या पत्रात ते लिहितात की सुमारे सहाशे साचे लागतील, पण ते दोनशेपर्यंत खाली आणता येतील. जोडाक्षरे मोडून सुट्या भागांतून अक्षर जुळवण्याचा हा विचार संगणकावर देवनागरी टंक घडवणाऱ्याला लगेच ओळखीचा वाटेल. ते काम झाले नाही आणि पुराण रोमन लिपीत छापले गेले.)

तिसरी गोष्ट रचनेची. ग्रंथ संवादाच्या रूपात चालतो. पाद्री सांगतो, श्रोत्यांतून कोणी उठून शंका विचारतो. सुरुवातीलाच एक ब्राह्मण श्रोता म्हणतो की आमची पूर्वीची पुराणे बंद झाली, तर मन रमवायला तशी दुसरी द्या. काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाला, तेव्हा मद्याविषयी शंका निघते आणि पाद्रीला प्रमाणाविषयी बोलावे लागते. उपदेश शिकणाऱ्याने हे तंत्र जरूर उचलावे. समोरच्याच्या मनात ज्या क्षणी शंका येते त्याच क्षणी ती बोलून दाखवली, तर पुढचे दहा मिनिटे तो तुमच्याबरोबर राहतो. तुमच्या प्रकल्पाच्या सादरीकरणातही हे चालते. परीक्षकाचा प्रश्न तुम्हीच आधी विचारा.

पण याच ठिकाणी ग्रंथाची दुबळी बाजूही आहे. शंका विचारणारा श्रोता पाद्रीनेच लिहिलेला आहे. तो विचारतो, उत्तर मिळते, तो समाधानाने बसतो. "मला हे पटले नाही," असे म्हणून कोणी उठून गेल्याचे दिसत नाही. ज्या काळात हे लिहिले गेले तो काळ लक्षात घ्या. १५६७ मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच येशूसंघीय मारले गेले आणि त्यानंतर बोलणीसाठी बोलावलेल्या गावकऱ्यांना ठार करण्यात आले. गोव्यात धर्मन्यायासन होते. ज्या सत्तेने श्रोत्यांची पुराणे काढून घेतली, तिच्याच छायेतला माणूस त्यांना नवे पुराण देत होता. स्टीफन्स यांना लोकांविषयी माया होती यात मला संशय नाही. भाषेवर एवढी मेहनत मायेशिवाय होत नाही. तरीही ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही, त्याच्या होकारावरून उपदेश चांगला होता की नाही हे ठरवता येत नाही.

या कसोटीवर नारायण वामन टिळकांचे कीर्तन शेजारी ठेवून पाहा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. ख्रिस्ती उपदेशासाठी त्यांनी कीर्तनाचा साचा वापरला : आधी नमन, मग पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात त्याला आधार देणारे आख्यान. इंग्रजी पुस्तकातला सांगाडा याहून फार वेगळा नाही, फक्त इथे मधूनमधून श्रोतेही गातात. त्यांचा श्रोता उठून जाऊ शकत होता आणि टिळकांना ते ठाऊक होते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. रचनेच्या भव्यतेत ते स्टीफन्स यांच्या जवळ येत नाहीत. 'ख्रिस्तायन' त्यांच्या हातून अपुरेच राहिले. पण त्यांच्या उपदेशात श्रोता खरा आहे.

ग्रंथ मिळवायचा असेल तर आपल्या राज्याचाही त्यात वाटा आहे. मूळ छापील प्रती आज उपलब्ध नाहीत. मंगळूरच्या कॅथलिक कुटुंबांनी जपलेल्या हस्तलिखितांवरून जे. एल. साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये रोमन लिपीतली आवृत्ती काढली. देवनागरीत १९५६ ची शांताराम बंडेलू यांची आणि २००९ मध्ये बंगळुरूहून निघालेली नेल्सन फाल्काव यांची आवृत्ती आहे.

वाचताना दुसऱ्या पुराणातला काना गावचा प्रसंग घ्या. श्रोत्याची शंका आणि पाद्रीचे उत्तर आपल्या आजच्या मराठीत एका पानात लिहा. मग खाली, त्या श्रोत्याने उत्तर ऐकल्यावर जो दुसरा प्रश्न विचारला नाही, तो लिहा आणि पाच मिनिटांत त्याला तोंडी उत्तर द्या. वर्गातला जो मित्र तुमच्याशी सहमत होत नाही, त्याला समोर बसवा.