एका सफारीचे रसग्रहण

'सफारी' हा शब्द आमच्या बँकेत फार वर्षं फक्त कपड्यापुरता होता. मी नोकरीला लागलो तेव्हाचे मॅनेजर निवृत्त होईपर्यंत सफारीच घालायचे. चार खिसे, आणि चारही खिशांत पेनं. त्यामुळे आमचे साडू जेव्हा म्हणाले, "आम्ही सफारीला चाललोय," तेव्हा "कापड कुठून घेतलंत?" असं मी विचारून बसलो.

साडू दक्षिण आफ्रिकेला निघाले होते. क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या पार उत्तर टोकाला. जाण्याआधी त्या सफारीची गुळगुळीत कागदाची माहितीपुस्तिका ते आमच्याकडे विसरून गेले. हिच्या मते, ठेवून गेले. मी ती तीनदा वाचली. मी पडलो बी. कॉम., तेव्हा साहित्यातलं मला काही कळत नाही. पण छापील कागद तळटिपेसकट वाचायची सवय बँकेनं लावली आहे. तेवढ्या भांडवलावर हे रसग्रहण.

प्रथम भाषा. तंबू म्हणजे सर्कशीचा, नाहीतर मुलाच्या शाळेच्या शिबिरातला, अशी माझी समजूत. या पुस्तिकेतल्या तंबूत आंघोळीचा टब आहे, मागे उघड्यावर वेगळा शॉवर आहे, आणि पलंगावरच्या उशा मोजताना माझी बेरीज दोनदा चुकली. पहाटे अंधारात उठवून, थंडीत कुडकुडत, उघड्या गाडीतून हिंडवतात. याला 'अनुभव' म्हणतात. मला रोज पाचाला नळाचं पाणी भरायला उठवतात, त्याला कुणी काहीच म्हणत नाही. संध्याकाळी सूर्य बुडायच्या वेळी रानात गाडी थांबवून हातात पेला देतात. रात्री तंबूतून जेवायला जायचं तर सोबतीला माणूस येतो, कारण वाटेत हत्ती भेटू शकतो. छोट्या विमानानं जाणाऱ्यांना सामान मोजकंच, तेही मऊ पिशवीतून. मेहुणीबाईंच्या फराळाच्या डब्यांचंच वजन तेवढं भरतं!

आता अलंकार. पानोपानी 'बिग फाइव्ह' येतात: सिंह, बिबळ्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा. मला वाटलं, आकारानं मोठे म्हणून. तसं नाही. ही यादी मुळात शिकाऱ्यांची. पायी जाऊन ज्यांची शिकार करणं सर्वांत कठीण आणि धोक्याचं, ते हे पाच. जिराफ एवढा उंच, पण यादीत नाही, कारण त्यानं शिकाऱ्याला कधी फारसं घाबरवलं नाही. आमच्याकडे बढतीच्या याद्या साधारण याच तत्त्वावर होतात.

मग दरपत्रक. हा माझा प्रांत. दर माणशी, दर रात्री, डॉलरमध्ये. आकड्याच्या डोक्यावर एक तारा, आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत खुलासा: हा दर खोलीत दोघं असतील तर, एकटं याल तर जादा पडतील. बायकोला बरोबर न्या, हे इतक्या सभ्य शब्दांत मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. (हिला हे पान दाखवलेलं नाही.)

इथवर सगळं छान. दोष एकच, पण तो मोठा आहे. पुस्तिकेचा लाडका शब्द 'अस्पर्श'. सात वेळा आला आहे, मी मोजला. जणू या भूमीला माणसाचा पाय कधी लागलाच नाही!

मी चौकशी केली. लिंपोपो आणि लुवुवू या नद्यांमधला हा मुलूख माकुलेके लोकांचा. त्यांची घरं, शेतं, पूर्वजांच्या कबरी इथेच. १९६९ साली तिथल्या वर्णभेदी सरकारनं त्यांना हुसकून लावलं आणि जमीन उद्यानात घातली. ती राजवट गेल्यावर त्यांनी दावा लावला आणि १९९८ मध्ये सुमारे २४ हजार हेक्टर जमीन परत मिळवली. पुढचं तर ऐकण्यासारखं आहे. जमीन हातात आल्यावर त्यांनी तिथे नांगर घातला नाही. रान रानच ठेवायचं, असा उद्यानाशी करार केला आणि सफारीवाल्यांना जागा वापरायला देऊन त्यातून उत्पन्न आणि नोकऱ्या मिळवायचं ठरवलं. म्हणजे सफारीवाले तिथे भाडेकरू, आणि मालक माकुलेके.

आणि पुस्तिकेत हा मालक कुठे आहे? ट्रे घेऊन हसणारा एक फोटो आहे, खाली नाव नाही. सिंहाला पूर्ण पान आहे, बाओबाबच्या झाडालासुद्धा नाव आहे. आमच्या बँकेत नुसता फोटो चिकटवून कुणी आला, तर आम्ही खातंच उघडत नाही.

जमीन 'अस्पर्श' म्हणायची, तर आधी तिथली माणसं उठवावी लागतात. तो खर्च कुठल्याच दरपत्रकात, ताऱ्याखालीसुद्धा, नसतो. आणि गंमत अशी, की पुस्तिकेतल्या साऱ्या वर्णनापेक्षा ही खरी हकीकत कितीतरी सरस. माल विकायला बसलेल्यानं उत्तम मालच दुकानामागे टाकून द्यावा, तसं झालं.

साडू परत आले ते आठशे फोटो घेऊन. मी विचारलं, "माकुलेके भेटले का हो?"

साडूंनी बराच वेळ फोटो मागे-पुढे केले. मग म्हणाले, "हा कुठला प्राणी? आम्हांला नाही दिसला."

मला त्यांचा राग आला नाही. पुस्तिकेतच नव्हता, तर त्यांना तरी कुठून दिसणार?