मर्ढेकर मोठ्याने वाचताना

बा. सी. मर्ढेकर म्हटले की पिंपात मेलेल्या उंदरांची कविता आठवते आणि बहुतेकांचे वाचन तिथेच थांबते. ‘मर्ढेकरांची कविता’ हे संकलन सलग वाचावे ते यासाठी. ‘शिशिरागम’ (१९३९), ‘काही कविता’ (१९४७) आणि ‘आणखी काही कविता’ (१९५१) हे तीन लहान संग्रह त्यात एकत्र आले आहेत. पहिल्यावर आधीच्या कवींची छाया दाट आहे. तो भरभर वाचला तरी चालेल. दुसऱ्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि कवी निर्दोष सुटला, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे.

मला थांबावेसे वाटते ते मुंबई बंदरातल्या माघातल्या सकाळच्या कवितेपाशी. उजळणाऱ्या बंदराला मर्ढेकर न्हालेल्या गर्भवतीचे रूप देतात. वाचणारा त्या उपमेच्या सोज्वळपणावर खूश होतो आणि पुढे जातो. मग येतात धक्क्यावर अजून झोपलेल्या बोटी, धुराचा वास, चहाचा वास, डांबरी रस्त्यावरची शांतता. हे सारे टिपून झाल्यावर कवी सांगतो, की या निवांत सृष्टीच्या पोटात प्रचंड धांदल दडलेली आहे. इथे पहिली उपमा एकदम फळाला येते! गर्भवती केवळ सुंदर दिसते म्हणून आलेली नव्हती. शहराचा दिवस तिच्या पोटी वाढत होता. एवढी लांबवर सांभाळलेली प्रतिमा मराठीत फार थोड्यांना साधली आहे.

आता हीच कविता मोठ्याने म्हणा आणि लगेच उंदरांची म्हणा. दोन्हींची चाल एकच, सोळा मात्रांची. पिढ्यान् पिढ्या मराठी कानांत मुरलेली. मर्ढेकरांनी कवितेची मोडतोड केली असा आरोप त्यांच्यावर पुष्कळ झाला. पण इथे मोडले काय? वृत्त शाबूत आहे, यमके जागच्या जागी आहेत. ज्या लयीत पहाट उजळते त्याच लयीत माना पडतात, ओठांना ओठ लागतात, आणि जगणे-मरणे दोन्ही लादलेले आहे हे उमगते. गोड चालीत हे ऐकताना अंगावर काटा येतो. मुक्तछंदात हीच कविता नुसती किळसवाणी झाली असती असे मला वाटते. वृत्तामुळे त्या मेलेल्या जिवांभोवती अंत्यविधीचे गांभीर्य उभे राहते, आणि ‘गरीब बिचारे’ हे रोजच्या वापराने गुळगुळीत झालेले शब्द तिथे खरोखर करुण होतात.