सरंजाम आणि सार्वभौमत्व

दादरा व नगरहवेली येथे जाण्यायेण्याच्या हक्काविषयी पोर्तुगालने भारताविरुद्ध आणलेल्या दाव्याचा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी दिला. १७७९ चा पुण्याचा तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा यांन्वये ही गावे आपणांस सार्वभौम हक्काने मिळाली, हे पोर्तुगालचे म्हणणे न्यायालयाने अमान्य केले. मराठ्यांनी दिला तो वार्षिक १२,००० रुपये वसुलाचा सरंजाम होय. सनदेचा अर्थ तत्कालीन राज्यव्यवहारावरून लावण्याची ही पद्धती निःसंशय योग्य आहे.

पुढील विवेचन मात्र तितके समाधानकारक नाही. इंग्रजांना गावांचा कारभार पोर्तुगीजांच्या हाती आढळला. त्यांनी स्वतः सार्वभौमत्व सांगितले नाही, आणि पोर्तुगीजांचे स्पष्ट शब्दांत मान्यही केले नाही. या मौनातून न्यायालय गर्भित मान्यता काढते. परंतु सरंजामदार कोणत्या कृत्याने व केव्हा सार्वभौम झाला, याचा उलगडा होत नाही. मौन हा वहिवाटीचा पुरावा होय. स्वामित्वाचा पुरावा म्हणून ते पुरेसे का, हे सिद्ध करावयास हवे होते.

याच पायावर खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांच्यापुरता हक्क मान्य झाला. सशस्त्र दलांना तो नाकारला गेला आणि १९५४ मध्ये भारताने कर्तव्यभंग केला नाही, असे ठरले. १९५४ नंतरच्या स्वामित्वाचा प्रश्न अनिर्णित राहिला. तो अखेर १९७४ च्या भारत-पोर्तुगाल कराराने, म्हणजे स्पष्ट शब्दांनीच, मिटला.