काळी हाडे आणि अग्नीचा पुरावा : एक चिकित्सा

उत्खननात प्राण्यांची काळी हाडे सापडली की ती भाजली गेली असावीत, असे अनुमान सहज काढले जाते. ही अनुमानपद्धती सदोष आहे. जळण्याने हाडातील कोलॅजेनचा कोळसा होतो. परंतु भूजलातील मँगनीज व लोह यांची ऑक्साइडे साचूनही हाड तसेच काळे दिसते. शिवाय दोन्ही प्रक्रिया एकाच हाडावर घडू शकतात. इस्राएलमधील हायोनिम गुहेतील काळ्या हाडांबाबत शहाक-ग्रॉस, बार-योसेफ व वायनर यांनी १९९७ मध्ये हा भेद अवरक्त वर्णपटाच्या साहाय्याने तपासला. नुसत्या डोळ्यांनी केलेले वर्गीकरण अपुरे ठरते, हे या अभ्यासाचे महत्त्व होय. अशा परीक्षणाविना अग्निवापराचा इतिहास लिहिणे म्हणजे भूजलाची करणी माणसाच्या नावे मांडणे होय.