मालकी कीं ताबा ?

तांत्रिक मार्गदर्शिकांचें परीक्षण वाङ्मयविषयक मासिकांत कां यावें, अशी शंका कोणी घेईल. बँकेचे व्यवहार, विजेचीं देयकें, मुलांचे प्रवेशअर्ज हीं कामें आज संकेतस्थळांवरून चालतात. आणि तीं स्थळें सुरक्षित कशीं ठेवावीं हें सांगणारें गद्य याच मार्गदर्शिकांत असतें. बहुतांशीं इंग्रजींत असलेलें हें गद्य शब्दांच्या यथार्थतेच्या कसोटीस कितपत उतरतें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

संकेतस्थळ व वाचक यांमधील मजकूर वाटेंत तिऱ्हाइतास वाचतां येऊं नये, म्हणून स्थळाजवळ प्रमाणपत्र असावें लागतें. इ. स. २०१५ च्या अखेरीस ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था तें सर्वांस विनामूल्य व यंत्रद्वारा देऊं लागली. या देवघेवीचे ‘अ‍ॅक्मे’ नांवाचे नियम २०१९ मध्यें प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाले. या विषयावरील मार्गदर्शिकांत तीन शब्द वारंवार खटकतात; परंतु तिघांचा अपराध सारखा नाहीं.

पहिला ‘एसएसएल’. या पद्धतीची शेवटची आवृत्ति १९९६ ची. १९९९ मध्यें ‘टीएलएस’ तिच्या जागीं आली आणि २०१५ मध्यें जुनी पद्धति त्याज्य ठरली. तरी ‘एसएसएल प्रमाणपत्र’ हें नांव चालूच आहे. हा दोष रूढीचा होय. सर्व्हरवर कोणती पद्धति चालू ठेवावी हें सांगतांना नेमका शब्द हवाच; एरव्हीं त्यावर काथ्याकूट करण्याचें कारण नाहीं.

दुसरा ‘रिन्यूअल’, म्हणजे नूतनीकरण. परवान्याच्या नूतनीकरणांत जुन्याच कागदावर नवी मुदत पडते. अ‍ॅक्मेंत तसें होत नाहीं. मुदत संपत आली कीं नवी मागणी जाते व निराळेंच प्रमाणपत्र निघतें. जुन्यावरील तारीख बदलत नाहीं. हें न उमजलेला चालक नवें प्रमाणपत्र आलें म्हणून निश्चिंत राहतो. सर्व्हरला तें वाचावयास सांगितलें नसेल, तर तो जुनेंच दाखवीत राहतो, आणि एके सकाळीं वाचकांस धोक्याची सूचना दिसूं लागते.

तिसरा ‘ओनरशिप’, म्हणजे मालकी. हा सर्वांत घातक. प्रमाणपत्रापूर्वीं संस्था अर्जदाराला एक सांकेतिक मजकूर देते. तो त्यानें आपल्या सर्व्हरवर ठराविक जागीं, अथवा स्थळाच्या नांवाच्या नोंदींत ठेवावयाचा. मग संस्था तो वाचून पाहते. एवढ्यानें त्या नांवावर त्या घटकेस अर्जदाराची सत्ता चालते, इतकेंच सिद्ध होतें. वाड्याचें कुलूप उघडून दाखविणारा मालक असेल, भाडेकरू असेल, दिवाणजी असेल, किंवा किल्ली चोरणाराहि असेल. ज्यांच्या घरांत जमिनीचे दावे चालले आहेत, त्यांस ताबा व मालकी यांतील भेद समजावून सांगावयास नको.

मालकी सिद्ध झाली असें वाचलें कीं वाचक पुढची पायरी आपणच चढतो: मालक ओळखला गेला, तेव्हां तो सचोटीचाहि असला पाहिजे. वस्तुतः बँकेच्या नांवाशीं मिळतेंजुळतें नांव नोंदविणाऱ्या ठकालाहि असें प्रमाणपत्र मिळूं शकतें. ग्राहकाचा गुप्त शब्द मग वाटेंत कोणी वाचीत नाहीं हें खरें; पण तो सुखरूप पोंचतो तो ठकाच्याच हातीं ! कुलुपाचें चिन्ह म्हणजे सचोटीची ग्वाही, असा लोकांचा समज होतो म्हणूनच गूगलच्या ‘क्रोम’नें २०२३ मध्यें पत्त्याजवळील तें चिन्ह बदललें.

अशा दुरुस्त्यांस शब्दच्छल म्हणून हिणविण्याची चाल आहे. सगळेच शब्द एका तराजूंत घातले तर तो आक्षेप खराहि ठरेल. म्हणून लेखकांनीं क्रम ठरवावा. ज्या शब्दानें वाचकाचा विश्वास वाजवीपेक्षां वाढतो तो आधीं बदलावा, ज्यानें चालकाचें काम चुकतें तो त्यानंतर. आणि जो केवळ जुना झाला आहे तो सवडीनें.