झाकली मूठ, उघडा सोर्स

१९६२ साली एमआयडीसी आली, ती आधी आमच्या वागळे इस्टेटीत. तेव्हा तिथं यंत्रं धडधडायची. आता सॉफ्टवेअरच्याही कचेऱ्या आहेत. खोड मात्र तीच: जुनं टाकवत नाही! जेएसपीचं पान लिहिणारा नकोशी ओळ खोडत नाही. ‘असू दे, लागेल’ म्हणत कॉमेंटीत झाकतो. त्यातली उद्गारचिन्हवाली एचटीएमएल कॉमेंट म्हणजे निव्वळ मलमलीचा पडदा. सर्व्हर आतला कोड निमूट चालवतो, वर सगळं गिऱ्हाइकाच्या ब्राउझरला धाडतो. ‘व्ह्यू सोर्स’ केलं की आत लिहिलेला पासवर्डसुद्धा उघडा! टक्केचिन्हवाली कॉमेंट मात्र सर्व्हरच गिळतो. आतलं चालत नाही, दिसतही नाही. टक्केवारीनं झाकलेलं बाहेर येत नाही, हे संगणकालाही ठाऊक दिसतं! तरी मला विचाराल, तर ओळ सरळ पुसावी. जुनी प्रत गिट सांभाळतंच की!